मशीन घेण्याआधी आठवडी बाजार

जवसाची चटणी विकायची म्हटलं की सगळे "चालेल ना!" म्हणतात, पैसे काढायच्या वेळी कोणी दिसत नाही. म्हणून पॅकिंग मशीन घेण्याआधी:

1. अन्न नोंदणी (FSSAI कडची) करून ५० ग्रॅमच्या २० पुड्या बांधा, आठवडी बाजारात बसा. चव फुकट, पुडी नगदीच. उधारीत आवड कळत नाही.
2. घेणाऱ्याचा नंबर विचारून वहीत लिहा. न घेणाऱ्याला फक्त एवढंच: "सध्या कोणती चटणी खाता, कितीला पडते?"
3. पुढचे तीन बाजार त्याच जागी बसा. परत कोण आलं ते मोजा. मामा-काकू धरू नका, ते घेणारच.

कापसाचे चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) झाल्या-झाल्याच्या बाजारावरून अंदाज बांधू नका. तेव्हा काहीही खपतं.