धंदा जोरात, तरी कर्ज नामंजूर? या चुका टाळा

"साहेब, महिन्याला दोन लाखांची उलाढाल आहे, तरी बँक पाच लाखांचं पर्सनल लोन देईना!" कराडात कर सल्लागार म्हणून बसायला लागल्यापासून हे वाक्य मला पाठ झालंय. माझा प्रश्नही ठरलेला, रिटर्नमध्ये किती दाखवलंय? मग समोरचा पंख्याकडे बघतो.

असाच एक मंडपवाला आला होता. कर लागू नये म्हणून दरवर्षी निव्वळ उत्पन्न २,४०,००० दाखवायचा. म्हणजे कागदावर महिन्याला २०,०००. पाच लाख, पाच वर्षं, १४ टक्के धरले तर हप्ता ११,६०० च्या वर. शिवाय गाडीचा ४,२०० चा हप्ता चालूच. सगळे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास बसावेत, असं बँका साधारण बघतात. इथे घर चालवायला चार हजार उरत होते. बँक सोडा, सख्खा मामाही देणार नाही.

मग मेहुण्याने अक्कल शिकवली. यंदा एकदम नऊ लाख दाखव, मित्राकडून दोन लाख रोख घेऊन खात्यात भर, स्टेटमेंट जड दिसेल. पठ्ठ्याने दोन्ही केलं, करही भरला. बँकेने तीन वर्षांची रिटर्न शेजारी शेजारी ठेवली: २.४०, २.४०, ९. स्टेटमेंटमध्ये सोमवारी आलेले दोन लाख शुक्रवारी गेलेले. फाइल परत आली तेव्हा त्या दोन ओळींभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

म्हणून मी कर्जाचं दोन वर्षं आधी सांगायला लावतो. छोट्या धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवू देणाऱ्या तरतुदीतले (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी) ८ टक्के (डिजिटल जमेवर ६) ही किमान मर्यादा आहे. नफा खरंच जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. रोकड दर सोमवारी-गुरुवारी चालू खात्यात भरायची. आणि दुकानातला क्यूआर बायकोच्या बचत खात्याला जोडू नका, हे सांगून माझा घसा बसला.

दुसरी चूक उतावळ्यांची. एकीकडे नामंजूर झालं की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवरून सहा ॲपांवर अर्ज. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या प्रगतिपुस्तकात, नोंदली जाते. सातव्याला दिसतं की हा माणूस आठवडाभर दारोदार फिरतोय. एक अर्ज करा, नामंजुरीचं कारण विचारा आणि पुढचे सहा महिने गप्प बसा. सहा महिन्यांचा नियम बँकेचा नाही, माझा आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने क्रेडिट स्कोअर (त्या रिपोर्टवरून मिळणारे गुण) घटत नाही. हे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या चार, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात चूक सापडली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

बाकीच्या किरकोळ. जुनं कर्ज 'सेटल' करून, म्हणजे थोडं भरून बाकीचं सोडवून घेऊन, सुटलो म्हणू नका, रिपोर्टमध्ये तो शब्द राहतो. पूर्ण फेडा, बँकेकडून बाकी काही नसल्याचा दाखला (एनओसी) घ्या. चुलतभावाला जामीन राहिला असाल तर त्याचे थकलेले हप्ते तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतात. उद्यम नोंदणी, गुमास्ता परवाना आणि आधारवर तीन वेगळे पत्ते असतील तर आधी ते एक करा.

आणि 'मंजुरी पक्की, फक्त फी आधी टाका' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. बँकेची प्रोसेसिंग फी कुणाच्या खाजगी यूपीआयवर जात नाही.