बीएससीची ओजेटी अन नीट, एकाच वर्षात कसं बसवायचं

बारावीनंतर मेडिकलची नीट परीक्षा हुकली, तालुक्याच्या कॉलेजात बीएससीला नाव टाकलं, अन आता कॉलेजवाले म्हणतात ओजेटी करा, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम शिकणं. आपल्या इकडचे बरेच पोट्टे-पोट्टी इथंच गडबडतात. दोन्ही जमते, फक्त ओजेटी कुठं अन कधी करायची हे तुम्ही ठरवा, कॉलेज देईल ते मुकाट्यानं घेऊ नका.

पहिले हे समजून घ्या, ओजेटीच्या सर्टिफिकेटनं नीटमध्ये अर्धा मार्कही वाढत नाही. अमेरिका-कॅनडात मेडिकलला घेताना कामाचा अनुभवही पाहतात, आपल्याकडं सगळं ७२० पैकी किती पडले त्यावर. म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या नावासाठी नागपुरात रूम करायची काही गरज नाही. घरून सायकलनं जाता येईल असं ग्रामीण रुग्णालय नाहीतर पॅथॉलॉजी लॅब पाहा, रोजचे तीन तास एसटीत गेले तर वाचाल कधी?

नीट मे महिन्यात, युनिव्हर्सिटीचे उन्हाळी पेपरही त्याच्याच आगेमागे, त्यामुळं जमलं तर ओजेटी दिवाळीच्या आधी आटपून टाका. त्यासाठी कॉलेज सुरू झाल्याबरोबर सरांना भेटा, नंतर जवळच्या जागा राहत नाहीत. अन सोयाबीन सोंगणीले घरचे बोलावतेतच, ते दिवस आधीच वजा करा.

माझं मत विचाराल तर लॅबच घ्या. आपल्या विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट भरपूर, सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे पहिली तपासणी, पॉझिटिव्ह आली की सॅम्पल खात्री करायला इलेक्ट्रोफोरेसिसला जाते, हे डोळ्यानं पाहिलं अन त्याच संध्याकाळी एनसीईआरटीचा तो धडा उघडला तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते हे घोकावं लागत नाही. ब्लड ग्रुपचं तसंच. १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे आहेत, फायदा आहेच. फिजिक्सला मात्र लॅबचा काडीचा उपयोग नाही, ते सकाळी निघायच्या आधी सोडवत जा, रात्री थकून आल्यावर न्यूमेरिकल होत नाहीत.

रक्ताशी काम असेल तर हिपॅटायटिस बीची लस सुरू करा, पहिला डोस, महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, एवढा वेळ लागते म्हणून ओजेटी ठरायची वाट पाहत बसू नका. पेशंटचे रिपोर्ट मोबाइलमध्ये काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, हे सांगावं लागते म्हणून सांगतो.

कागदांचं ऐका. ओजेटीच्या जागी ओरिजिनल मार्कशीट कोणी मागितली तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल नाही. वर्षभर थांबायचा बॉन्ड लिहून मागत असतील तर दुसरी जागा पाहा. कास्ट व्हॅलिडिटी लागत असेल तर अर्ज आत्ताच टाका, तिला वेळ लागते. अन बारावीची मार्कशीट, टीसी बीएससीच्या कॉलेजात जमा असते, तर मेडिकलची सीट लागल्यावर ती किती दिवसात परत भेटते हे ऑफिसातल्या बाबूले आधीच विचारून ठेवा, कारण प्रवेशाच्या राउंडमध्ये जॉइन व्हायला मोजकेच दिवस देतात.