जुन्या झेनचं पुढचं सस्पेन्शन चांगलं करायचंय? मग आधी रबर, बाकी सगळं नंतर

मारुती झेन १९९३ ला आली आणि २००६ ला बंद झाली, म्हणजे आज रस्त्यावर जी झेन आहे तिची १५ वर्षं कधीच उलटून गेलीयत आणि आता दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंग करूनच ती चालवावी लागते. इंजिन अजून गोड असतं हो या गाडीचं, पण पुढून खडखड, ब्रेक मारला की नाक खाली, सोलापुरात विजापूर रोडला जरा स्पीड घेतला की स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं वाटतं. मग लोक काय करतात, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी कडं, म्हणजे डोनट, ठोकतात नाहीतर कडक स्प्रिंगा शोधत फिरतात. माझं मत स्पष्ट आहे, या गाडीला उंची किंवा कडकपणा नकोय, तिला ताजं रबर आणि चांगले गॅसचे शॉकअप पाहिजेत, त्यानंच सगळ्यात जास्त फरक पडतो.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळकांड्यावर. खाली लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोखंडी हात. आणि जो आडवा स्टॅबिलायझर बार आहे ना, तो नुसता वळणावर गाडी कलू नये म्हणून नाही, त्याची टोकं लोअर आर्ममधून आरपार जातात आणि आर्मला पुढेमागे सरकू न देण्याचं कामही तोच करतो. त्या टोकाचं रबर गेलं की ब्रेक मारताना आर्म मागे सरकतो, खट् आवाज येतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि आपण उगाच ब्रेक उघडत बसतो. सोलापूरच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, त्याला चिरा पडतात, वरून ठीक दिसलं तरी पान्यानं दाबून बघा, लगेच कळतं.

खर्च करायच्या आधी तपासणी. फेंडरवर जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा, एकदा वर येऊन थांबली पाहिजे. पण एवढ्यावर निकाल लावू नका, स्ट्रट डोळ्यांनी बघा, नुसता ओलसर धूळ बसलेला पट्टा चालतो, तेल ओघळलेलं असेल तर शॉकअप गेलाच. मग एकाला स्टेअरिंग फिरवायला बसवा, गाडी जमिनीवरच ठेवा, बोनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हलका हात ठेवा, स्प्रिंग अडकत अडकत झटका देऊन फिरत असेल, टण्ण वाजत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग संपलंय. शेवटी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा, एक बाजू बसलेली दिसली तर स्प्रिंगाही बदलायच्या, आणि जोडीनंच.

सामान एकदमच आणा म्हणजे गाडी अर्धी उघडी राहत नाही: दोन्ही गॅस स्ट्रट, वरची माउंटिंग बेअरिंगसकट, बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), स्टॅबिलायझरचे चारही रबर, नवे लॉक नट आणि स्प्लिट पिना. बॉल जॉइंटला, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या गोल सांध्याला, खेळ असेल तर आर्म पूर्ण घ्या. डावा उजवा स्ट्रट वेगळा असतो, काउंटरवरच बघून घ्या. गॅसचाच का म्हणतोय, तर तेलाचा शॉकअप खराब रस्त्यावर सलग चालला की आत तेलाला फेस येतो आणि तो मऊ पडतो, नायट्रोजनच्या दाबामुळे तो फेस कमी होतो. तुळजापूरपर्यंत जाऊन आलं तरी फरक जाणवतो. पीयूचे (पॉलियुरेथेनचे, कडक प्लास्टिकसारखे) बुश हल्ली सगळे सुचवतात, बार जिथं बॉडीला धरलाय तिथं घाला हवं तर, पण आर्मच्या टोकाला मी रबरच घालेन कारण तिथं वळायला लवचीकपणा लागतो, पीयूनं ते जाम होतं आणि सगळे हादरे केबिनमध्ये येतात. आणि डोनट तर नकोच, एका वेढ्याची हालचाल बंद होते आणि सगळा ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही आडकाठी आहे.

कामाला सकाळी लवकर लागा, मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर जातो आणि पाना हातात धरवत नाही. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक आणि दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी (जॅक स्टँड). विटांवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, अजिबात नाही.

चाक काढलं की ब्रेकचा होज (रबरी नळी) स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून क्लिप काढून मोकळा करा. स्ट्रट आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्टांपाशी पांढऱ्या रंगानं खूण करा, तेवढ्या खेळातही कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, हलतो. नकल तारेनं बांधून ठेवा नाहीतर बाहेर झुकून ड्राइव्हशाफ्ट आतून ओढला जातो आणि होजवर ताण येतो. मग वरचे नट, शेवटचा काढताना खालून स्ट्रट धरायला एक माणूस पाहिजे.

आता सगळ्यात धोक्याचं काम, स्ट्रटवरून स्प्रिंग उतरवणं. स्प्रिंग कंप्रेसर दोन, समोरासमोर, दोन्हीकडून थोडं थोडं आळीपाळीनं आवळायचं, हातानं, इम्पॅक्ट गननं नाही. स्प्रिंग सीटवरून (ती टेकते त्या बशीवरून) सुटून हातानं फिरायला लागली तरच मधला नट उघडा, आणि तोंड वर नेऊ नका. तारेनं बांधून स्प्रिंग उघडणारे मेस्त्री मी बघितलेत, तो जिवाशी खेळ आहे. कंप्रेसर नसेल तर हे एवढं गॅरेजमध्ये करून घ्या, लाज कसली.

नवा स्ट्रट उभा धरून पूर्ण दाबा आणि सोडा, असं चारपाचदा, आतली हवा निघते. नट आवळताना दांडा फिरतो म्हणून कुणी पक्कड लावतं, तिथंच शॉकअपची वाट लागते, त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की तो सील कापतो आणि काही महिन्यांत तेल गळायला लागतं. वरच्या टोकाला जी खाच असते तिथं पाना लावून धरा. स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या पायरीला टेकलंय ना, हे बोटानं चाचपून बघा.

बसवताना एक गोष्ट जिच्याकडे बहुतेक गॅरेजवाले लक्षच देत नाहीत. लोअर आर्मच्या आतल्या बुशचा आणि स्टॅबिलायझरचा बोल्ट चाक लोंबकळत असताना फायनल आवळायचा नाही. तसा आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, पुढून गाडी उंच आणि कडक वाटते आणि नवा बुश लवकर फाटतो. जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावा, घोडीवरचा भार जेमतेम हलका होईपर्यंत उचला, घोडी काढू नका, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळा. स्प्लिट पिना नव्याच घाला.

लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्या. या गाडीत मुख्यतः टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलीयत, तेवढंच जुळवता येतं, पण कॅम्बरचे आकडे मागून घ्या, दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर आर्म किंवा नकल वाकलेलं असू शकतं, तो विषय वेगळा. मग तुळजापूरच्या घाटात एक चक्कर मारा, वळणावर आणि उतारावर ब्रेक मारून कान देऊन ऐका. पाचेकशे किलोमीटर झाले की सगळे नट एकदा परत टॉर्क पान्यानं तपासा, नवं रबर बसल्यावर स्टॅबिलायझरचे नट थोडे सैल झालेले सापडतात.