देवाच्या दिव्याचं आणि महाराजांच्या आहाराचं तूप घरी कसं करायचं

चातुर्मास जवळ आला की आपल्या जैनांच्या घराघरात विषय सुरू होतो, चौका (म्हणजे मुनी महाराजांच्या आहारासाठी सोवळ्यात केलेला स्वयंपाक) लावायचाय तर तूप कुठनं आणायचं, मग कुणीतरी सांगतं अमक्या ठिकाणी एकदम शुद्ध मिळतं, डबा आणला की झालं काम. माझं म्हणणं एवढंच की डबा आणू नका, थोडंच करा पण घरी करा. गायीचं आहे का, साजूक आहे का हे सगळे विचारतात, पण जैन आचारात तुपाची शुद्धी ठरते ती त्याचं लोणी किती वेळ तसंच पडून होतं यावर, आणि ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं.

तर आधी लोण्याचा नियम समजून घ्या, बाकी सगळी पद्धत त्याच्यातनंच आलीय. लोणी आपल्यात अभक्ष्य. श्वेतांबरांकडं मध, मांस, मद्य आणि लोणी या चार महाविगई, म्हणजे पूर्ण वर्ज्य पदार्थ, लोणी थेट त्या रांगेत, आणि दिगंबरांकडंही नवनीत वर्ज्यच. कारण असं सांगितलंय की ताकापासून लोणी वेगळं झालं की अंतर्मुहूर्तात त्यात लोण्याच्याच रंगाचे असंख्य सूक्ष्म जीव उपजतात. एक मुहूर्त म्हणजे दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, आणि अंतर्मुहूर्त त्याच्याही आतलं. लोणी निघालं आणि त्या वेळेच्या आत कढायला लागलं तर त्याचं तूप चालतं, नाहीतर कितीही रवाळ आणि सुगंधी होऊ दे, चौक्यात चालत नाही. म्हणूनच आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये साय साठवून एकदम लोणी काढायची जी पद्धत सगळीकडं आहे ती इथं पूर्ण बाद. सायही मर्यादेबाहेर, म्हणजे चालण्याच्या मुदतीबाहेर, गेलेली असते आणि लोणी काढून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर विषयच संपला.

आता दूध. शक्यतो ओळखीच्या गोठ्यातनं आणा, जिथं वासरू आधी पितं आणि उरलेलं काढतात, हे स्वतः जाऊन एकदा तरी बघा, कारण वासराला उपाशी ठेवून काढलेल्या दुधाचा दिवा लावून अहिंसेची आरती कशी म्हणायची. जनावर नुकतं व्यायलं असेल तर थांबायचं, म्हशीचं 15 दिवस, गायीचं 10 दिवस, शेळीचं 8 दिवस दूध घेत नाहीत. धार काढायच्या आधी कास आणि हात गाळलेल्या पाण्यानं धुवायचे, दूध आलं की स्वच्छ सुती कापडातनं गाळायचं आणि धार काढल्यापासून 48 मिनिटांच्या आत तापवायचं. गोठा लांब असेल तर हे जमत नाही, तेव्हा काहीजण गोठ्यावरच शेगडी ठेवतात, हे मला फार पटतं. पाकिटाचं दूध चौक्याला चालत नाही. घरच्या देवाच्या दिव्यापुरतं बरीच घरं पाकिटाच्या दुधाचं विरजण लावून तूप करतात, त्यात निदान लोण्याची वेळ तरी पाळली जाते, तर ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे, पण महाराजांच्या आहारात ते घालू नका.

दूध चांगली उकळी येईपर्यंत तापवा, मग कोमट होऊ द्या, बोट घातलं तर सुखाचं वाटेल इतपत. विरजणाचा मुद्दा असा की आजच्या दह्याला कालचं, कालच्याला परवाचं असं लावत गेलं तर मूळ दही किती जुनं झालं ते कोण सांगणार, म्हणून कडक पाळणारे जुनं विरजण घेतच नाहीत, त्याऐवजी दुधात चांदीचं नाणं, नारळाच्या करवंटीचा धुतलेला तुकडा, संगमरवराचा तुकडा नाहीतर बदाम टाकतात. पहिल्यांदा करत असाल तर हे दही थोडं उशिरा आणि जरा सैल लागतं, घाबरू नका, भांडं उबेला ठेवा आणि हलवू नका. उन्हाळ्यात पाच-सहा तासात लागतं, थंडीत रात्रभर लागते. संध्याकाळचं दूध असेल तर तापवणं आणि विरजण लावणं दिवस मावळायच्या आत उरकायचं, घुसळायचं सकाळी ऊन पडल्यावर. तापवलेल्या दुधाच्या दह्याची मर्यादा आमच्या दिगंबरांकडं 24 तासांची धरतात, श्वेतांबर घरांत 16 प्रहरांचा हिशोब असतो, म्हणजे दोन रात्री उलटल्या की नाही. तुमच्या घरात जी पद्धत असेल ती धरा, दोन्हीकडनं सोयीचं तेवढं उचलू नका.

आता घुसळण, आणि इथंच सगळी घाई. घुसळायला बसायच्या आधी गॅसजवळ जाड बुडाचं पातेलं कोरडं करून ठेवा, वर झाकायला बारीक जाळी ठेवा (माशी-चिलट कढत्या तुपात पडलं तर सगळी मेहनत ज्यासाठी केली तेच गेलं), मोबाईलचा टायमर जवळ ठेवा. दह्यात थोडं गाळलेलं गार पाणी घालायचं, बर्फ नको. रवीनं करा, कमी असेल तर हातरवी पुरते, मिक्सर फिरवणारे पण आहेत पण मिक्सरमध्ये दही तापतं आणि लोणी पातळ होऊन ताकातच राहतं, शिवाय आदल्या दिवशी त्यात चटणी नाहीतर डाळ वाटलेली असते तो वेगळाच घोळ. सुरवातीला नुसता फेस दिसेल, मग फेस जड होतो, रवीचा आवाज बदलतो, खळखळीचा घुबघुब होतो, आणि मग अचानक मोहरीएवढे पिवळसर कण रवीला चिकटायला लागतात. तो क्षण म्हणजे टायमर सुरू. गोळा जमेपर्यंत वाट बघून मग घड्याळ लावणारे आहेत, मी म्हणते कण दिसले तिथनंच धरा, पाच मिनिटं लवकर गेलेली बरी.

लोणी हातानं गोळा करून सरळ पातेल्यात टाका. एरवी आपण लोणी चार-पाच पाण्यानं धुतो, इथं एकदाच गाळलेल्या पाण्यातनं काढा किंवा धुऊच नका, थोडं ताक राहिलं तर बेरी जास्त येईल एवढंच. आणि एक, लोणी चाखायचं नाही, घरातल्या लहान पोरांना पण द्यायचं नाही, गोळा बघून त्यांचा हात हमखास पुढं येतो तर त्यांना आधीच सांगून ठेवा की बेरी मिळेल.

कढवायला मंद आच. आधी लोणी वितळून वर पांढरा जाड फेस येतो आणि जोरात तडतड सुरू होते, ती आतल्या पाण्याची. ढवळत रहा, तळाला लागू देऊ नका. हळूहळू फेस विरतो, खालचं पिवळं पारदर्शक दिसायला लागतं, तडतड कमी कमी होत जाते. मग एक वेळ अशी येते की पातेलं जवळपास गप्प होतं, तळाची बेरी बदामी झालेली दिसते आणि वर पुन्हा एकदा बारीक फेस चढायला लागतो, हा दुसरा फेस आला की गॅस बंद. इथं घाई केली तर तुपात पाणी राहतं आणि महिन्याभरात वास मारतो, उशीर केला तर बेरी काळी पडून तूप करपट लागतं. घरच्या तुपात आपण विड्याचं पान, मीठ, हळद काय काय टाकतो, देवाच्या आणि आहाराच्या तुपात काही टाकू नका. हिरवं पान तर नकोच, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं सोडणारे किती जण असतात.

मर्यादेच्या तक्त्यात पिठाला दिवस मोजलेत, दुधाला तास मोजलेत, पण तुपाला म्हटलंय चव बिघडेपर्यंत. पूर्ण कढलेल्या तुपात पाणी जवळजवळ उरतच नाही, मग जीव वाढायला जागाच राहत नाही. म्हणून कोमट झालं की कोरड्या सुती कापडातनं गाळून कोरड्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात भरा, झाकण घट्ट लावा नाहीतर मुंग्या जातात, आणि ओला चमचा त्यात कधीच नाही. चौक्याच्या तुपाचं भांडं वेगळं ठेवा, सोवळ्यातच हात लावा.

किती निघतं हा प्रश्न सगळे विचारतात. म्हशीच्या तीन लिटर दुधाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, गायीचं असेल तर शंभर ग्रॅमच्या आसपास. किलोभर गायीच्या तुपाला 25-30 लिटर दूध लागतं, आणि साठवून ठेवायचं नाही म्हटल्यावर रोज थोडं थोडं कढवून त्याच बरणीत घालत जायचं. दोन-तीन घरांनी वाटून घेतलं तर सोपं जातं, एकीनं गोठ्याचं बघायचं, एकीनं घुसळायचं.

आता वापर. आहारात तूप द्यायचं तर आधी विचारून घ्या की महाराजांचा किंवा माताजींचा (साध्वींचा) कुठला रस त्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ हे सहा रस, त्यातला एखादा किंवा सगळेच सोडलेले असू शकतात, कधी त्या दिवसापुरते कधी कायमचे. तूप सोडलं असेल तर पोळीला लावलेलं, भाजीच्या फोडणीतलं, काहीच चालत नाही. श्वेतांबरांच्या आयंबिलमध्येही (दिवसातनं एकदाच रुक्ष जेवायचं व्रत) हेच, चैत्र आणि आश्विनच्या नवपद ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर सगळं बंद. म्हणजे ज्या तुपासाठी आपण एवढं करतो तेच सोडणं हे तप, आणि मला तर वाटतं सोडण्याला किंमत येते ती त्या वस्तूला किंमत असते म्हणूनच. देताना तूप कोमट असावं, कढत नाही आणि थिजलेलं पण नाही, कारण दिगंबर महाराज करपात्री, ते थेट ओंजळीत पडतं. अगोदर स्वतःच्या हातावर थेंब घेऊन बघा.

दिव्याला फुलवात बरी. थंडीत तूप थिजतं आणि वात विझत राहते म्हणून फुलवाती पातळ तुपात बुडवून थिजवून डब्यात ठेवायच्या, सकाळी नुसती समईत ठेवली की लागते. श्वेतांबर देरासरात (मंदिरात) अष्टप्रकारी पूजेत दीपकपूजा असते, दिवा भगवंतांच्या उजव्या बाजूला आणि धूप डाव्या बाजूला, शेवटी आरती आणि मंगळ दिवो. आमच्याकडं अष्टद्रव्यात दीप येतो तो मोहाचा अंधार जावा म्हणून, दिगंबरांतल्या बीसपंथी बस्तीत (बस्ती म्हणजे मंदिर) खरा दिवा, तेरापंथी मंदिरात त्याजागी केशरानं रंगवलेले खोबऱ्याचे तुकडे चढवतात, आणि स्थानकवासींकडं मूर्तिपूजाच नाही तर तुपाचा प्रश्न फक्त आहारातला. दिवा उघडा ठेवू नका, काचेच्या हंडीत किंवा फानसात ठेवा, पतंग-किडे त्यात जळाले तर ती कसली पूजा. दिव्याखाली सांडलेलं तूप रोज पुसा, मुंग्या त्याच वासानं येतात आणि मग पायाखाली मरतात.

पंचामृत अभिषेकाला तूप न्यायचं असेल तर गॅसवर पातळ करू नका, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवा, एकसारखं पातळ होतं. अभिषेकानंतर मूर्तीवर ओशटपणा राहतो तो नीट काढणं हे तूप चढवण्याइतकंच महत्त्वाचं काम, तांदळाचं बारीक पीठ आणि नंतर कोमट पाणी यानं निघतो, कान, बोटांच्या खाचा, पायाशी, तिथं मऊ कापड फिरवायला विसरू नका. क्रम बस्तीबस्तीत वेगळा असतो, तुमच्या उपाध्यांना विचारून घ्या.

तुपाला आपल्यात किती मान आहे ते बघायचं तर देरासरातली बोली ऐका, पहिली पूजा कुणाची, आरती कुणाची याचा चढावा आजही काही संघांत मणात बोलतात, इतके मण तूप, मणाचा भाव संघानं आधीच ठरवलेला आणि पैसा जातो देवद्रव्यात, म्हणजे देवाच्या निधीत. बिकानेरचं भांडासर मंदिर आहे, पाचवे तीर्थंकर सुमतिनाथांचं, त्याचा पाया भरताना पाण्याऐवजी 40 हजार किलो तूप ओतलं अशी आख्यायिका तिथं सांगतात, आणि उन्हाळ्यात फरशीला अजून तूप सुटतं असंही म्हणतात.

तूप बस्तीत द्यायचं ठरलं की बरणीसकट द्या किंवा तिथल्या डब्यात ओता, आणि तिथंच विषय सोडा. उरलं म्हणून परत आणायचं नाही, दिव्यातलं राहिलेलं घरच्या दिव्यात घालायचं नाही, देवाला दिलेलं ते निर्माल्य, आपल्या वापराला नाही. घरच्यासाठी हवं असेल तर पहिल्याच दिवसापासून दोन बरण्या करा, एकीवर देवाचं म्हणून चिठ्ठी लावा, आणि आधी ती भरा.