कागदी फुलं शिकताय? आधी जास्वंद उकलून बघा

कागदी फुलांचं काम घरून सुरू करायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुलाब कसा करायचा? आमचं नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद, फुलबागांचं गाव, तेव्हा गुलाबच आधी आठवणार. तरी माझा आग्रह आहे, सुरुवात जास्वंदीपासून करा. पाकळ्या पाचच असल्याने कुठे काय बिघडलं ते लगेच कळतं, आणि गणपतीत तिला मागणीही भरपूर.

सकाळी एक ताजं फूल तोडा आणि ब्लेडने हळूच मोकळं करा. पाकळी वहीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली की साचा तयार. मोबाइलवरून उतरवलेल्या साच्यापेक्षा हा कितीतरी खरा, कारण जास्वंदीची पाकळी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी खाली, असं पाचही जणी एकाच दिशेने एकमेकींवर चढलेल्या असतात. मधून लांब दांडा बाहेर येतो, त्याच्या अंगावर परागांचे दाणे आणि टोकाला पाच लहान गोल बोंडं. मागे हिरवा पेला, आणि त्याच्याही खाली बारीक हिरव्या पानांची आणखी एक झालर. ही झालर बहुतेकांकडून राहून जाते. ती लावाच. परागांसाठी दांड्याला फेव्हिकॉल लावून हळदीत रंगवलेल्या कोरड्या रव्यात घोळवा, हुबेहूब दिसतं.

आता कागद. मेन रोडला, रविवार कारंज्याच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा पातळ क्रेप, म्हणजे बारीक चुण्यांचा कागद, सरावाला ठीक आहे, पण तो फारसा ताणला जात नाही. विकायच्या फुलांसाठी १८० ग्रॅमचा जाड क्रेप मागवा. कोणताही क्रेप घ्या, चुण्या देठाकडून टोकाकडे उभ्याच आल्या पाहिजेत. मग दोन्ही अंगठे पाकळीच्या मधोमध ठेवून आडवं, सावकाश ताणायचं. पाकळीला पोट येतं. आडव्या चुण्यांवर कापलेली पाकळी कितीही ओढा, तिला पोट येत नाही. कड मात्र चिमटीत धरून थोडी थोडी ताणावी, म्हणजे लाटा पडतात.

तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. देठाला १८ नंबर, पाकळीला २६ पुरते. देठावरची हिरवी फ्लोरल टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, तेव्हा ती ओढत ओढतच गुंडाळायची.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखरासाठी लोक कागदाकडे वळले. हा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. दमट हवेत क्रेप मऊ पडतो, फेव्हिकॉल वाळता वाळत नाही. म्हणून पाकळ्या उन्हाळ्यातच कापून-ताणून झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. पावसात फक्त जोडणी करावी.

दर लावताना नवीन माणूस कागद, तार, गोंद धरतो आणि हातांचे तास सोडून देतो. एक फूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ लावून करा आणि त्या वेळेचे पैसे धरा. समोरचा म्हणेल, ‘कागदाचंच तर आहे!’ म्हणू दे. अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागदाला कात्री लावू नये, मग ऑर्डर मावशीची असो नाहीतर सोसायटीची.

डोहाळजेवणाचे आणि हळदीचे दागिने हे वर्षभराचं काम, पण त्याला काळजी जास्त लागते. गडद रंगाचा क्रेप घामाने रंग सोडतो. बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी, काहीही असो, अंगाकडच्या बाजूला पांढरं फेल्ट (दाबून केलेलं जाडसर मऊ कापड) चिकटवा. देण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा. रुमालावर रंग उतरला, तर फेल्टचा आणखी एक थर लावल्याशिवाय ते दागिने देऊ नका.