रविवारची मिसळ खायला नाशिकला येताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी नाशकातल्या बऱ्याच घरांत नाश्ता होत नाही आणि दुपारचा स्वयंपाकही होत नाही. दहा-अकराला सगळं घर मिसळीला बाहेर पडतं, पोटभर खातं आणि मग थेट संध्याकाळच्या चहालाच भूक आठवते. मुंबई-पुण्याची मंडळीही हल्ली खास मिसळीसाठी गाडी काढून येतात. त्यातले काही जण जाताना "एवढं काय होतं त्यात?" असं म्हणतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. थोडं खोदून विचारलं की कळतं, मिसळीत खोट नव्हती. जागा चुकली होती, नाहीतर वेळ.

"सगळ्यात भारी मिसळ कुठली?" असं विचारणं

पहिली चूक हीच. या प्रश्नाला दहा नाशिककर दहा उत्तरं देतील आणि दहाही बरोबर असतील. तुमच्याबरोबर कोण आहे, हे आधी ठरवा. जागा त्यावरून निघते.

नाशकात मिसळीच्या दोन तऱ्हा आहेत. एक जुनी: गावठाणातली, पंचवटीतली, सातपूरची. जुन्या नाशकातली सीताबाईंची मिसळ, पंचवटीतली काळ्या मसाल्याची अंबिका, सातपूरची श्यामसुंदर ही नावं नाशिककरांच्या तोंडी कायम असतात. इथे मिसळ खायची आणि उठायचं. टेबलावर समोर अनोळखी माणूस बसेल, पाठीमागे कुणीतरी जागेची वाट बघत उभं असेल. दोघंतिघं असाल, खाण्यासाठीच आला असाल, तर इथेच जा. रस्सा कसा असतो ते इथे कळतं.

दुसरी तऱ्हा मळ्यातली. गंगापूर-सातपूर लिंक रोडवरची साधना चुलीवरच्या मिसळीसाठी गाजली, मखमलाबाद भागात ग्रेप एम्बसीने द्राक्षबागेत मिसळ वाढली, आणि मग त्या सगळ्या पट्ट्यात मिसळीचे मळे उभे राहिले. अशा ठिकाणी मोकळी जागा असते, पोरांना झोपाळे असतात, कुठे बैलगाडीची फेरी असते. आजी-आजोबा, लहान मुलं, आठ-दहा माणसांचा गोतावळा असेल तर मळाच बरा.

गडबड होते ती अदलाबदल झाल्यावर. गुडघे दुखणाऱ्या आजींना रविवार कारंजाच्या गर्दीतून चालत नेलं, तर त्यांना मिसळीची चव काय लागणार? आणि ज्याला फक्त झणझणीत रस्सा हवाय, त्याला मळ्यावर तासभर नंबरासाठी बसवलं की तोही वैतागणारच.

उशिरा पोचणं

"सुट्टी आहे, निवांत अकराला जाऊ" हा विचार सगळं नाशिक करतं. मळ्यांवर सकाळी नऊच्या आत गेलात तर हवी ती जागा मिळते. दहा ते साडेबाराच्या मध्ये गेलात तर नाव लिहून थांबायची तयारी ठेवा. गावातल्या जुन्या ठिकाणी अडचण वेगळी. तिथे सकाळचं पातेलं संपत आलं की रस्सा वाढवला जातो, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या घाण्याची चव येत नाही. जुन्या नाशकात जायचं तर आठ-साडेआठलाच जा. त्या वेळी गाडी लावायलाही जागा सापडते. नंतर चारचाकी त्या गल्ल्यांत घालूच नका. लांब कुठेतरी लावा आणि रिक्षा करा.

मुंबईहून रेल्वेने येणार असाल तर सकाळची तपोवन किंवा शिर्डीची वंदे भारत सोयीची. पण नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे. गंगापूर रोडच्या मळ्यांपर्यंत अजून बरंच अंतर उरतं. रिक्षाचा वेळ धरून मगच बेत आखा.

मे महिन्यात द्राक्षं शोधणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात. द्राक्षबागेत बसून मिसळ खायची म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात आणि वेलीवर एकही घड नाही म्हणून हिरमुसतात. बागेला वर्षात दोन छाटण्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तेव्हा मांडवावर नुसत्या काड्या आणि कोवळी फूट दिसते. फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. घड भरलेले बघायचे तर जानेवारी ते मार्च हाच काळ. जानेवारीच्या शेवटी सकाळी आठला त्या मांडवाखाली बसा: पानांवर दव असतं, हातातली रश्श्याची वाटी गरम असते आणि डोक्यावर घड लोंबत असतात.

एक विनंती. ते घड तोडू नका आणि मुलांनाही तोडून खाऊ देऊ नका. बागेवर फवारण्या सुरू असतात, न धुतलेलं द्राक्ष पोटात जाता कामा नये. शिवाय त्या एका घडामागे शेतकऱ्याचे महिनोन्‌महिने गेलेले असतात.

ताट आल्या आल्या सगळं एकत्र कालवणं

आता खरा मुद्दा. ताटात मटकीची उसळ, वर शेव, बाजूला बारीक चिरलेला कांदा, लिंबू, पापड, दही, पाव, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. नवखा माणूस वाटी सरळ उलटी करतो. पहिले चार घास उत्तम लागतात, मग शेवेचा लगदा होतो, तिखट सोसत नाही आणि अर्धं ताट तसंच राहतं.

आधी नुसता रस्सा चमच्याने चाखा. प्रत्येक ठिकाणचं तिखट वेगळं असतं. काळ्या मसाल्याचा रस्सा दिसतो गडद, पण त्याचं तिखट जिभेवर लगेच बसत नाही, मागून घशात चढतं. म्हणून पहिल्या घासावरून अंदाज बांधू नका. मग उसळीवर थोडा रस्सा घ्या, ते संपलं की पुन्हा थोडा, आणि शेव प्रत्येक वेळी वरून. लिंबू आधी पिळा, दही मात्र बाजूलाच ठेवा. ते पुढे लागणार आहे.

तिखट फार वाटलं तर तर्री काढून मागा. वर तरंगणाऱ्या त्या लाल तेलातच बहुतेक तिखट असतं, खालचा रस्सा बराच सौम्य असतो. "तर्री कमी" एवढं सांगितलं की वाढणारा पळी खाली घालून देतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोंड भाजलंच तर पाणी पिऊ नका. मिरचीचा दाह पाण्याने धुतला जात नाही, उलट तोंडभर पसरतो. दही खा, नाहीतर ताक प्या.

मुलांना मिसळीतच "थोडं खाऊन बघ" असा आग्रह नको. त्यांच्यासाठी साबुदाणा वडा नाहीतर थालीपीठ वेगळं घ्या. साबुदाणा वड्यासाठी नाशकात सायंतारा प्रसिद्धच आहे. जैन मंडळींनी मात्र ऐन गर्दीत कांदा-लसणाशिवाय रस्सा मिळेल ही अपेक्षा ठेवू नये, कारण वाटणच कांदा-लसणाचं असतं. खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ताट घेण्याआधी विचारा.

जास्तीचा रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा मिळतो, जास्तीच्या पावाचे मात्र पैसे पडू शकतात. मागा, पण पानात टाकू नका.

मिसळ आणि वाइन एकाच सकाळी

सुलाची वाइनरी जवळच आहे, म्हणून अनेक जण मिसळीवरून थेट वाइन चाखायला जातात. जिभेवर तर्री असताना वाइनची चव कळतच नाही, वर मद्याने तिखटाची आग वाढते. वाइनसाठी संध्याकाळ राखून ठेवा, रात्री नाशकातच मुक्काम करा आणि गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्या.

पंचांग न बघणं

श्रावणातला रविवार टाळलेला बरा. सोमवारच्या दर्शनासाठी त्र्यंबकेश्वरला निघालेली गर्दी आदल्या दिवसापासूनच शहरात असते, आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असल्यामुळे त्या रविवारी तर रस्ते भरून वाहतात. पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना सोमेश्वरच्या धबधब्याची आणि गंगापूर धरणाची गर्दी गंगापूर रोडवरच येते, म्हणजे मळ्यांच्याच वाटेवर. 2027 च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, तेव्हा कुठला रस्ता बंद आहे ते निघण्याआधी स्थानिकाला विचारून घ्या.

खाल्ल्या खाल्ल्या घाट उतरणं

भरपेट मिसळीनंतर मुंबईला परतताना कसारा घाटाच्या वळणांवर लहान मुलांना हमखास मळमळतं. जेवणानंतर तासभर गोदाघाटावर फिरा, काळारामाचं दर्शन घ्या, बुधा हलवायाची गरम जिलबी घ्या. निघायचं मात्र दोनच्या आत. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पुरा सुरू झाल्यापासून इगतपुरीहून घाट टाळून आमण्यापर्यंत झपाट्याने जाता येतं, पण पुढे भिवंडी-ठाण्याची रविवार संध्याकाळची कोंडी कुणालाच चुकलेली नाही. दोनच्या आत जमणार नसेल तर सोमवारी पहाटे निघा.