मध गोठला म्हणून फेकू नका, आधी फूल कुठलं ते विचारा

थंडीत मधाची बाटली खाली पांढरट, रवाळ झाली की घरात लगेच "साखर मिसळलीय" सुरू होतं. तसं नसतं हो. मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतं आणि कुठलं किती हे बऱ्याच अंशी माश्यांनी कुठल्या फुलांवरचा मकरंद आणला त्यावर ठरतं. मोहरी किंवा सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, तो काही आठवड्यांतच तुपासारखा थिजतो, आणि उलट अस्सल असूनही काही मध महिनोन्‌महिने पातळ राहतात, त्यामुळे गोठण्यावरून भेसळ ओळखायची ट्रिक सोडूनच द्या. पाण्यात थेंब टाकायची पण.

रंगाचंही तेच. जांभळाचा मध गडद आणि मागून किंचित कडवट लागतो, मला तोच आवडतो, आमच्याकडे मुलं तोंड वाकडं करतात. कारवी (सह्याद्रीतलं एक रानझुडूप) तर साधारण 7-8 वर्षांनी एकदाच फुलते, मग महाबळेश्वरला दरवर्षी "ताजा कारवी मध" कुठून येतो, विचारून बघा दुकानदाराला!

घेताना फूल आणि काढणीचा महिना विचारा, लेबलवर ओलावा दिला असेल तर 20 टक्क्यांच्या आत हवा, जास्त ओल असली की मध आंबतो. गोठलेली बाटली कोमट पाण्यात, 40 डिग्रीच्या आसपास, अर्धा-पाऊण तास ठेवा. गॅसवर उकळू नका, वास जातो. प्लास्टिकची असेल तर आधी काचेच्या बरणीत काढून घ्या.